भाताच्या लोंबीचे नाणे

मांडवीच्या धाकू मयेकरांना कोणी भरतीची वेळ विचारली, तर ते घड्याळाकडे पाहत नसत आणि समुद्राकडेही पाहत नसत. क्षणभर डोळे मिटायचे, ओठांतल्या ओठांत तिथी पुटपुटायची आणि सांगायचे, "आज पंचमी. पावणेचारला पाणी भरंल. त्याच्या आधी होडी काढ." तिथीची पाऊणपट करावी, बारा वाजल्यापासून तितके तास पुढे जावे, की भरती हाती लागते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य माथ्यावर असताना समुद्र उधाणलेला असतो. अष्टमीला त्याच वेळी तो पार मागे सरून निजलेला असतो. ही विद्या धाकूंना वडिलांकडून मिळाली होती आणि वडिलांना त्यांच्या वडिलांकडून. तिला ग्रंथ नव्हता; मुख होते आणि कान होता. मुखाकडून कानाकडे चालत आलेल्या ज्ञानाला आपल्या पूर्वजांनी श्रुती हे फार मोठे नाव दिले आहे. त्या महानदीचाच हा एक खारा, अरुंद ओहोळ मांडवीच्या एका कौलारू घरापर्यंत येऊन पोहोचला होता.

धाकूंचे उमेदीचे आयुष्य व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत, यंत्रांच्या सांध्यांना तेल घालण्यात गेले. जहाज बंदराला लागले की सोबतचे खलाशी आपापल्या वाटांनी पांगत. धाकू मात्र गोदीबाहेरच्या एखाद्या टपरीवर बसत आणि सुट्ट्या पैशांत आलेले नाणे उजेडाकडे धरून निरखत. ज्या नाण्याच्या मागे काही घडले असेल, तेवढेच ते ठेवून घेत. नुसते देखणे नाणे त्यांना नको असे. त्यामुळे त्यांचा संग्रह विस्ताराने लहान होता. पण त्यातले एकही नाणे मुके नव्हते.

या छंदाचा आरंभ मात्र परदेशात झाला नव्हता. लहानपणी, एका वादळानंतरच्या सकाळी, मांडवीच्या काळ्या वाळूत खाण्याचे मुळे-शिंपले गोळा करताना त्यांच्याबरोबर एक तांब्याची झिजलेली शिवराई त्यांच्या बोटांना लागली होती. आईने ती पदराने पुसून दिली आणि म्हणाली, "दर्याने दिलंय. जपून ठेव." तेव्हापासून ती शिवराई त्यांच्यापाशी होती. जहाजावर असतानाही ती कमरेच्या थैलीत असे.

"लोकांचे घोव आखातातून साड्या आणायचे, सुवासिक साबण आणायचे," सावित्रीबाई शेजारणींना सांगत. "आमच्या घरी हे यायचे. पेटी उघडली, की आत चिल्लर!"

"चिल्लर म्हणू नको गो."

"मग काय म्हणू? तिला हळदीकुंकू लावू?"

हा संवाद त्या घरात इतक्या वेळा झाला होता, की त्यातली धार झिजून फक्त माया उरली होती. जहाजावरची ती पत्र्याची पेटी माजघरात असे. एकेक नाणे जुन्या लुंगीच्या तुकड्यात गुंडाळलेले. कशावरही चिठ्ठी नाही, खूण नाही. डोंबिवलीला नोकरीला असलेला मुलगा निलेश दर गणपतीत म्हणायचा, "बाबा, कुठेतरी लिहून ठेवा. कुठलं नाणं कुठलं ते."

"तुझ्या आईचं नाव तू लिहून ठेवतोस काय?" धाकू विचारीत.

गेल्या भाद्रपदानंतरची गोष्ट. धाकू बाजारातून बांगडे घेऊन निघाले आणि ज्या नाक्यावरून ते जन्मभर घरी आले, त्याच नाक्यावर थांबले. चार रस्ते चारही दिशांना गेले होते. त्यांतला मांडवीचा कोणता, हे त्यांना कळेना. कोणाला विचारावे, तर सगळे ओळखीचे. स्वतःच्या घराचा रस्ता ओळखीच्या माणसाला विचारणे म्हणजे भर बाजारात धोतर सोडण्यासारखे. हातातल्या पिशवीतून बर्फाचे पाणी पायांवर ठिबकत राहिले. अखेर समुद्राकडून वारा आला, तेव्हा ते त्या वाऱ्याला तोंड देऊन चालू लागले आणि घरी पोहोचले.

"बांगडे मऊ पडलेत," सावित्रीबाई म्हणाल्या. "कुठं गप्पा ठोकीत बसला होतात?"

"भेटला एक," धाकू म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी पेटी उघडून बसले असताना एक नाणे तळहातावर घेतले आणि ते बोलेना. कोणते बंदर, कोणता ऋतू, कोणी दिले, काहीच येईना. नाणे तळहातावर होते आणि तळहातापलीकडे धुके होते. त्यांनी ते परत गुंडाळून ठेवले. दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर काढायला जातो म्हणून ते घराबाहेर पडले आणि एकटेच एका मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर सौम्य माणूस होता. त्याने सांगितले, ते थोडक्यात असे होते: हे वाढत जाईल, गोळ्यांनी त्याची पावले जरा मंदावतील, आणि घरच्यांना सांगून ठेवावे.

धाकूंनी घरच्यांना सांगितले नाही. मरणाची बातमी सांगता येते, कारण मरण एकदाच येते. आपण रोज थोडेथोडे जाणार आहोत, हे माणसाने कोणत्या तोंडाने सांगावे? त्यांना भय स्वतःचे नव्हते. भय होते त्या पेटीचे. आपल्या डोक्यातल्या गोष्टी गेल्या, की पेटीत उरेल ते सावित्री म्हणते तेच: चिल्लर. त्याआधी एका तरी लेकराने या गोष्टी कानांत साठवल्या पाहिजेत. हाती वेळ किती, हे सांगणारी तिथी मात्र कोणत्याही पंचांगात नव्हती.

म्हणून त्यांनी बेत आखला. नातवंडांना पाटावर बसवून नाणी दाखवली, तर ती जांभया देतील, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. नाणे शोधून मिळाले पाहिजे; वाळूतून ते बोटांना लागले पाहिजे, जसे त्यांच्या बोटांना लागले होते. मांडवीच्या किनाऱ्यावर आता भेळेच्या गाड्या आणि गर्दी. तेव्हा खाडीच्या पुलापलीकडे, भाट्याच्या लांबलचक पुळणीवर, सुरूच्या बनाखाली सगळ्या कुटुंबाने जमायचे. धाकूंनी आधीच जाऊन करवंट्यांत नाणी ठेवून त्या वाळूत पुरायच्या, वर सुरूची काटकी खुणेला रोवायची. मुलांनी शोधायचे. ज्याला जे नाणे सापडेल ते त्याचे. मात्र अट एक: आबा त्या नाण्याची गोष्ट सांगतील, ती मुलाने जशीच्या तशी, पूर्ण, सगळ्यांसमोर सांगून दाखवायची. गोष्ट सांगता आली तरच नाणे आपले.

सावित्रीबाईंनी नारळ फोडताना करवंट्या जपून ठेवायला सुरुवात केली. जुन्या लाल लुगड्याचे चौकोन कापले. "म्हातारपणी भातुकली मांडलीय," त्या म्हणत. पण चौकोनांच्या कडा त्यांनी दुमडून शिवल्या होत्या.

दिवस ठरला मार्गशीर्षातल्या शुद्ध अष्टमीचा. धाकूंनी तो हेरूनच काढला होता. अष्टमीला सकाळी सहाला भरती; तिथून पाणी उतरू लागणार. सातला जाऊन करवंट्या पुरायच्या. न्याहारी करून मंडळी येईतो समुद्र आणखी मागे गेलेला. शिवाय अष्टमीचा भांग, म्हणजे मंद भरती. पाण्याला जोर नाही. मुलांच्या खेळाला याहून निर्धोक दिवस नाही. हा हिशेब ते इतक्या वेळा मनात घोळवीत, की तो त्यांच्या मनात तांब्यावरच्या अक्षरासारखा उमटला.

आणि मग निलेशचा फोन आला. मुलांच्या शाळेचे स्नेहसंमेलन पुढे गेले होते. नाताळची सुट्टी लागल्याशिवाय येता येणार नव्हते. बेत आठ दिवस पुढे ढकलावा लागला.

"बरं झालं," सावित्रीबाई म्हणाल्या. "दत्तजयंती पण होईल पोरांची. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊया भाट्याला."

"जाऊया," धाकू म्हणाले. दिवस पुढे गेला, हे त्यांच्या ध्यानात राहिले. आत उमटलेला हिशेब मात्र जागचा हलला नाही.

मंडळी आली. निलेश, सून दिशा, तेरा वर्षांचा विनीत आणि त्याच्या पाठची सानवी. दत्ताच्या देवळात पाळणा झाला, सुंठवडा घरी आला. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर धाकूंनी पेटी पडवीत आणली आणि उद्याच्या नाण्यांतली काही पाटावर मांडली. निलेशचे म्हणणे, पुरायला साधी नाणी घ्यावीत, चांगली घरी ठेवावीत. धाकूंनी मान हलवली. "खोटा खजिना पुरला तर पोरांना खोटंच सापडंल." त्यांनी निवडून निवडून उत्तम तेच काढले होते. शिवराईदेखील.

"आबा, हे ऑनलाइन विकलं तर किती येतील?" विनीतने मोबाइलवरून डोळे न काढता विचारले.

"तुझ्या आजीला विचार, मला विकलं तर किती येतील. त्याच्या खालचा भाव लाव."

"तुम्हाला घेतो कोण?" आतून उत्तर आले. "घेतलंच, तर दुसऱ्या दिवशी परत आणून सोडील."

सगळे हसले. सानवी हसली नाही, कारण तिचे लक्ष पाटावर होते. मधोमध भोक असलेले एक पिवळे नाणे तिने उचलले. त्या भोकाच्या वर वाकलेली भाताची लोंबी कोरलेली होती.

"आबा, हे भात आहे?"

"भातच. जपानचं आहे ते." धाकूंचा आवाज खाली आला. "कोबे बंदर. थंडी अशी, की तेलाचा डबा धरला तर हात चिकटावा. त्या दिवशी जहाजावर तार आली. माझी आई गेली होती. जाऊन चार दिवस झाले होते, तेव्हा तार मिळाली. रडायला जागा नाय. इंजिनखोलीत आवाज इतका, की आपलं रडं आपल्यालाच ऐकू येऊ नये. म्हणून उतरलो नि गोदीच्या दारात एका म्हातारीची टपरी होती, तिथं जाऊन बसलो. तिने वाडगाभर भात पुढ्यात ठेवला. मी बघत बसलो. घास तोंडात जाईना. तिला माझी भाषा नाय, मला तिची नाय. तिने आपल्या पदरातून, म्हणजे ते पुढं बांधतात तसल्या फडक्यातून, हे नाणं काढलं. लोंबीवर बोट ठेवलं. मग भातावर. मग माझ्या छातीवर. नाणं माझ्या मुठीत घातलं, मूठ मिटली, नि वरून थोपटत बसली. मी जेवेपर्यंत थोपटत होती."

विनीतचा मोबाइल मांडीवर पालथा पडला होता.

"पैसे घेतले तिने भाताचे?" सानवीने विचारले.

"नाय घेतले."

"मग ती तुमची कोण झाली?"

धाकूंनी नातीकडे पाहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "ते तू ठरव, बाय," ते म्हणाले, आणि त्या रात्री फार दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

पहाटे ते शेजारच्या रिक्षातून एकटेच भाट्याला निघाले. निलेश येतो म्हणाला, तर म्हणाले, "खजिना पुरणारा एकटाच असतो."

"जसे काय चाचेच!" सावित्रीबाईंनी पिशवी हातात दिली. "कानटोपी घाला."

पुळणीवर पोहोचले तेव्हा उजाडत होते. पाणी दूर होते आणि ओली, गुळगुळीत वाळू पायाखाली ताणून बसवलेल्या चामड्यासारखी पसरली होती. समोर पश्चिमेला, समुद्रावर हातभर उंचीवर, चंद्र मावळत होता. पूर्ण, वाटोळा, फिकट पिवळा. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच मावळतो. सूर्योदयाला जो समोर उभा असतो तो पुनवेचा. हे कोळ्याच्या पाच वर्षांच्या पोरालाही कळते. धाकूंनी त्या चंद्राकडे पाहिले. तो सुंदर आहे, असे त्यांच्या मनात आले. याहून अधिक काही आले नाही. डोळे पाहत होते. पाहिलेले पोहोचवणारा आतला दूत वाटेतच बसून राहिला होता.

ते गुडघ्यांवर बसले. एकेक करवंटी लाल कापडात बांधून हातभर खोल पुरली, काटक्या रोवल्या. शेवटची, शिवराईची, त्यांनी पाण्याच्या सर्वांत जवळ ठेवली, कारण ती समुद्राने दिली होती. एक लाट आली आणि त्यांच्या टाचा भिजवून गेली. त्यांनी करवंटी थोडी वर सरकवली आणि वाळू थापटली. मग सुरूच्या बनात येऊन, बुंध्याला टेकून, ते मंडळींची वाट पाहत बसले. सूचिपर्णांतून वारा सुसू करीत होता. इतके समाधान त्यांच्या मुखावर कित्येक महिन्यांत कोणी पाहिले नव्हते, आणि आताही पाहायला तिथे कोणी नव्हते.

मंडळी आली ती घावण्यांचे डबे, चटया आणि वाडीतली चुलत नातवंडे घेऊन. मुले बनातून धावत पुढे गेली आणि थबकली.

"आबा, खजिना कुठाय?"

धाकूंनी हात उचलला. हात जिथे निर्देश करीत होता, तिथे फेस होता. लाटा एकामागून एक येत होत्या, आणि प्रत्येक लाट आधीच्या लाटेची ओल ओलांडून वर येत होती. एक सुरूची काटकी पाण्यावर गिरकी खात बनाकडे आली.

"थांबा जरा," धाकू म्हणाले. "सुकती लागलीय. आत्ता मागं जाईल."

"बाबा, पाणी चढतंय," निलेश म्हणाला.

"अष्टमीला ह्या वेळेला पाणी चढत नाय. मला शिकवू नको."

"अष्टमी?" सावित्रीबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. "अहो, काल दत्तजयंती झाली. रात्री सुंठवडा दिला ना मी तुमच्या हातावर? खाल्लात, आणि वर म्हणालात, सुंठ कमी पडलीय."

"व्हय?"

एवढा एकच शब्द. पण तो ज्या स्वरात उच्चारला गेला, तो ऐकून सावित्रीबाईंनी डबा खाली ठेवला. तो विसरलेल्या माणसाचा स्वर नव्हता. ज्याला विसरल्याचेही आठवत नाही, त्याचा तो होता.

धाकूंनी डोळे मिटले. सवयीने ओठ हलले. पौर्णिमेनंतरची प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण, बारावर पाऊण. हिशेब अचूक आला. "पावणेएकला भरती," ते हळूच म्हणाले. "उधाणाची. अजून चढंल." आणि मग त्यांच्या मुद्रेवर जे दिसले ते पाहून दिशाने तोंड दुसरीकडे वळवले.

विनीत आणि निलेश गुडघाभर पाण्यात उतरून पायांनी वाळू चाचपू लागले. भाट्याला खाडीचे मुख जवळ. उधाणात तिथली वाळू पायाखालून वाहत असते. खुणा गेल्या होत्या. मुलांना प्रथम तो खेळच वाटला. मग थोरांचे चेहरे पाहून ती गप्प झाली. सर्वांत वरच्या बाजूला पुरलेली एक करवंटी लाटेने उघडी पाडली होती. फेसातून लाल टोक दिसले आणि सानवीने झेप घेऊन ते धरले. लाट तिच्या डोक्यावरून गेली. निलेशने तिला दंडाला धरून ओढले, एक चापट मारली आणि लगेच छातीशी घेतले. तिची मूठ मिटलेलीच होती.

संध्याकाळी पाणी उतरल्यावर त्यांनी पुन्हा येऊन वाळू उकरली. रिकाम्या करवंट्या निघाल्या, लुगड्याचे एक चिंधूक निघाले. शिवराई निघाली नाही. ज्याने दिली होती, त्याने ती नेली. पण जपून ठेव म्हणणारी आई आता कुठे होती, आणि तिला उत्तर कोण देणार होते?

"चाळीस वर्षं आम्हाला पेटीला हात लावू दिला नाहीत," घरी आल्यावर निलेशचा बांध फुटला. "आणि आज स्वतःच्या हाताने... बाबा, तुम्ही? भरती विसरलात? तुम्ही?"

"निलेश, गप," सावित्रीबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याच्या समोर येऊन बसल्या. त्यांच्या डोळ्यांतला थट्टेचा लवलेश गेला होता. "गणपतीनंतर चष्म्याचा नंबर काढायला गेला होतात. चष्मा कुठाय मग?"

धाकू नखांतली वाळू कोरू लागले.

"मला तेव्हाच विचारायला हवं होतं. चष्मा आला नाय, हे माझ्या कसं लक्षात आलं नाय?" त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. नखांत अजून वाळू होती. "किती दिवसांचं आहे हे?"

"डॉक्टर म्हणाला, वाढंल," धाकू म्हणाले. "पोरांना गोष्टी देऊन टाकाव्या म्हटलं. तेवढंच राहिलं होतं."

निलेश उठून पडवीत गेला आणि अंधारात बराच वेळ उभा राहिला.

पुढचे महिने वेगाने उतरले. शिमग्याला धाकूंना पालखी ओळखता आली. पालखीपुढे नाचणारा सख्खा पुतण्या ओळखता आला नाही. कधी ते सकाळीच अंगणाच्या कडेला उभे राहून डोळे मिटत, ओठ हलवीत. पण तिथीच हाती लागत नसे, आणि हात आपोआप कमरेपाशी, शिवराई शोधीत जाई. भरतीची वेळ त्यांना विचारायचे लोकांनी सोडले होते. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी विचारले, तर सावित्रीबाई आतून मोठ्याने म्हणत, "मोबाइलवर बघ रे, सगळं असतं त्यात."

पेटीत जी नाणी उरली, त्यांची छायाचित्रे विनीतने काढली आणि ती कुठली, केव्हाची, हे संगणकावर शोधून काढले. काम त्याने मन लावून केले. भाव विचारल्याचे ते त्याच्या परीने प्रायश्चित्त होते. देश कळले, साले कळली. ज्या हातांनी ती दिली आणि ज्या दिवशी दिली, ते हात आणि ते दिवस मात्र कळले नाहीत. नाण्याला दोन बाजू असतात असे म्हणतात. ही तिसरी बाजू कोणत्याही धातूवर उमटत नाही; ती माणसाच्या आत असते आणि माणसाबरोबर विझते.

मे महिन्यात मुले पुन्हा आली. पडवीत धाकू आरामखुर्चीत बसले होते. अंगाने रोड झाले होते, पण दाढी गुळगुळीत होती. सावित्रीबाई रोज स्वतः करून देत. सानवी जवळ जाऊन पायांशी बसली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले भोकाचे पिवळे नाणे होते. धाकूंची नजर त्यावर गेली.

"छान आहे," ते म्हणाले. "कुठलं गो हे? कुणाची तू?"

सानवीने वळून आजीकडे पाहिले. सावित्रीबाई सुपात तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी मान हलवली: सांग.

"जपानचं आहे," सानवी म्हणाली. "कोबे बंदर. थंडी अशी होती, की तेलाचा डबा धरला तर हात चिकटावा. एक खलाशी होता. त्या दिवशी त्याच्या जहाजावर तार आली. त्याची आई गेली होती. जाऊन चार दिवस झाले होते, तेव्हा तार मिळाली..."

तिने इंजिनखोलीचा आवाज सांगितला, टपरी सांगितली, भाताचा वाडगा सांगितला. म्हातारीचे बोट लोंबीवर, भातावर आणि छातीवर कसे फिरले, ते स्वतःच्या बोटाने दाखवले. आबांची मूठ मिटून वरून थोपटले. एक शब्द तिने गाळला नाही. धाकू एकाग्रतेने ऐकत होते. कथा संपली, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"त्याची आई गेली?" त्यांनी विचारले.

"हो."

"आणि तो तिथं एकटा? परमुलखात?"

"हो, आबा."

"बिचारा," धाकू म्हणाले. "फार वाईट झालं. कुणाचा कोण असंल." ते बराच वेळ समुद्राच्या दिशेने पाहत राहिले. सूप चालायचे थांबले होते. मग त्यांची नजर पुन्हा सानवीच्या गळ्यापाशी आली आणि मुद्रा उजळली.

"छान आहे," ते म्हणाले. "कुठलं गो हे?"

सानवीच्या मनात आले, या खेपेला आई गेल्याचे सांगू नये. नुसती थंडी सांगावी, भात सांगावा, म्हातारी सांगावी. तिने पुन्हा आजीकडे पाहिले. सावित्रीबाईंनी पदराचे टोक तोंडाला लावले होते. त्या काहीच सांगत नव्हत्या. पण अट आबांनीच घातली होती: गोष्ट जशीच्या तशी, पूर्ण. तरच नाणे आपले. तिने त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली.

"जपानचं," ती म्हणाली. "कोबे बंदर. त्या दिवशी जहाजावर तार आली."